तहहयात सी.आर.

दारावरची बेल वाजायच्या आधीच ते आलेत हे मला कळायचं, कारण खालून वॉचमनचा आवाज यायचा, "काका, वर काय बघताय?" काका आमची दोरी बघत असायचे. डोंबिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते खाली उभं राहून, मान मागे टाकून, चष्मा कपाळावर चढवून नीट पाहून घ्यायचं आणि मगच जिना चढायचा, ही त्यांची पद्धत. वर आल्यावर चपला काढता काढता निकाल सांगायचे. "वहिनी, शाल धुतलीत? थंडी वाजून आलेली का?" किंवा, "एवढ्या चादरी? लेक येऊन गेली वाटतं." परक्या माणसाने आपल्या दोरीवरून आपली हालहवाल ओळखावी याचा मला इतका राग आला होता, की मी दोरी हलवून स्वयंपाकघराच्या बाजूला बांधून घेतली. पुढच्या खेपेला ते मागच्या सोसायटीच्या आवारातून आले.

तसे ते माझे कोणी नव्हेत. माझ्या नवऱ्याचे कॉलेजातले वर्गमित्र, एवढंच नातं. ठाण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन ही मंडळी बी.एस्सी. झाली आणि पांगली. कुणी अंबरनाथच्या कारखान्यात लागलं, कुणी बँकेत, कुणी वडिलांच्या दुकानात. शेवटच्या वर्षी वर्गाच्या प्रतिनिधीची, म्हणजे सी.आर.ची निवडणूक होती. उभे राहणार होते आमचे हे. ऐन वेळी ह्यांना कावीळ झाली, आणि कुणीतरी पाहिजे म्हणून मागच्या बाकावरच्या या गृहस्थांचा अर्ज भरला गेला. ते बिनविरोध निवडून आले. पुढे परीक्षा झाली, निकाल लागला, कॉलेज सुटलं; पण आपली मुदत संपल्याचं आपल्याला कुणी कळवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून ते सी.आर.च आहेत. त्यांचं खरं नाव मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, तेही एका लग्नपत्रिकेवरून.

"मी काविळीने हरलो," असं हे जन्मभर सांगत राहिले.

"हरलात ते बरं झालं," मी म्हणायचे, "नाहीतर तुम्हीच असे दारोदार दोऱ्या बघत हिंडला असतात."

सी.आर. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. नखांच्या कडा कायम निळ्या नाहीतर किरमिजी. रिटायर झाल्यावरही त्या पांढऱ्या व्हायला बरेच दिवस लागले. नोकरीत असताना ते रविवारी फिरायचे. रिटायर झाल्यावर रोज. आज ठाणे, उद्या दिवा, परवा बदलापूर. कुणाकडे जाणार हे कुणालाही सांगायचं नाही. "सांगून येतो तो पाहुणा," ते म्हणत, "मी चौकशीला येतो."

कुणाकडे काही खायचे नाहीत. पाणी तेवढं प्यायचे, तेही उभ्याने. अगदीच आग्रह झाला तर पिशवीतून एक रिकामा डबा काढायचे आणि म्हणायचे, "यात द्या." तो डबा घरी जायचा नाही, पुढच्या वर्गमित्राकडे जायचा. माझी कडबोळी अशी ठाण्याला पोचली, आणि ठाण्याचे बेसनलाडू दिव्याला. एकदा माझ्याकडे तांदळाच्या शिरवाळ्या आल्या. इतक्या सुरेख, की कुणी केल्या म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ते सांगायचं नाही. उद्या तुम्ही आपापसात तुलना कराल." वर्गात भांडणं नकोत, हा त्यांचा एक मोठा मुद्दा होता. आता सत्तरी ओलांडलेल्या माणसांत शिरवाळ्यांवरून काय भांडणं होणार होती, देव जाणे.

माझं त्यांच्याशी खरं वाकडं होतं ते टेलिफोनवरून. माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला हेडफोन लावून मी आख्ख्या गावाची माणसं एकमेकांना जोडून दिली, आणि हा माणूस माझ्याच घरात उभा राहून मला सांगायचा, "वहिनी, फोनवर सगळे बरेच असतात."

"मग काय, रोज उठून जिने चढायचे?"

"जमतील तोवर."

मी वाद घालायचे, पण पुरावे त्यांच्या बाजूने निघायचे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा ठाण्याचे एक बँकवाले त्यावर रोज सकाळी न चुकता फुलं आणि सुविचार पाठवायचे. सगळे म्हणायचे, काय उत्साह आहे या वयात. सी.आर. म्हणाले, "हा कॉलेजात कधी नऊच्या आत उठला नाही. याचं काहीतरी बिनसलंय." गेले, तर बँकवाले हॉस्पिटलात, आणि फुलं पाठवत होती सून. लोक उगीच घाबरतील, म्हणून सासऱ्यांनीच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

पण नेहमीच त्यांचा नेम लागायचा असं नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना फारच शहाणे समजाल. हेच बँकवाले बरे होऊन घरी आले, त्यानंतरची गोष्ट. त्यांच्या घराची दोरी सी.आर.ना सलग दोन खेपा रिकामी दिसली. पहिल्या खेपेला ते गप्प बसले. दुसऱ्या खेपेला बेल वाजवली, आतून उत्तर नाही. मग शेजारपाजारचे गोळा केले, कोपऱ्यावरचा चावीवाला आणला, आणि कुलपाला हात लावणार एवढ्यात बँकवाल्यांनी आतून दार उघडलं. अंगावर टॉवेल, तोंडाला साबण. सुनेने नवीन मशीन आणलं होतं, ते कपडे वाळवूनसुद्धा देतं. सी.आर.नी ते मशीन उघडून आत हात घालून पाहिलं. "कपडे गरम येतात," मला येऊन गंभीरपणे सांगितलं, "माणसाचं काही कळत नाही."

घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या लोकांवर तर त्यांचा विशेष राग. तिथे गॅलरीत कपडे घालायला बंदी, आणि घातले तरी एवढ्या उंचावरचे दिसणार कुणाला. फाटकावर रजिस्टरऐवजी टॅब. त्यात भेटीचा उद्देश विचारतात. सी.आर. सांगायचे, "पाहणी." तो गार्ड बिचारा त्यांना महानगरपालिकेचा माणूस समजून थेट सेक्रेटरीकडे न्यायचा.

हे गेले त्यानंतरची गोष्ट. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, लेक तिच्या घरी गेली, आणि सी.आर. आले. दोरीवर त्या दिवशी काहीच नव्हतं. वर येऊन म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी वर्ग आहे. यायचं."

वर्ग म्हणजे त्यांचं वर्षाचं संमेलन. ठाण्यात एका वर्गमित्राच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचं. मी म्हटलं, "भावोजी, मी काय करू तिथे? माझा काय संबंध उरला?"

"त्याचं नाव कमी झालेलं नाही."

"म्हणजे?"

"नाव कमी करायला विद्यार्थ्याचा अर्ज लागतो," ते म्हणाले. "त्याने केलेला नाही."

मी गेले, ते केवळ या माणसाशी वाद घालायची ताकद नव्हती म्हणून. तिथे पाहते तर चहा व्हायच्या आधी हजेरी. सी.आर. उभे राहिले आणि पाठ असल्यासारखी नावं घ्यायला लागले. दाढीमिशा पिकलेली माणसं "हजर", "येस सर" करत होती. मध्येच एक नाव आलं आणि पुरुषाऐवजी बाईचा आवाज आला, "हजर." दिव्याच्या बाई. त्यांचे यजमान आधीच्या वर्षी गेले होते. मग आमच्या ह्यांचं नाव आलं. मी मान खाली घालून बसले. सी.आर. थांबले होते. एवढे थांबले, की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"गैरहजर लावू?" त्यांनी मला विचारलं.

माझं डोकं असं तडकलं, की काय सांगू. जो माणूस तापातसुद्धा ऑफिसला जायचा, त्याला गैरहजर? मी "हजर" म्हणाले, ते असं ओरडून, की वाढायला आलेला माणूस ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. सी.आर.नी शांतपणे पुढचं नाव घेतलं. आणि मी, हे गेल्यापासून जी कोरडी ठणठणीत होते, ती त्या परक्या हॉलमध्ये, समोसा हातात धरून, मनसोक्त रडले. दिव्याच्या बाईंनी मला त्यांचा नॅपकिन दिला. त्या दिवसापासून मी वर्गात आहे.

आता वॉकर. वर्गात पहिल्यांदा कुणाचं तरी खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सगळ्यांनी मिळून एक ॲल्युमिनियमचा वॉकर घेतला होता. तो माणूस हिंडूफिरू लागल्यावर वॉकर पडून राहील म्हणून सी.आर.नी तो उचलून दुसऱ्याकडे नेला, आणि मग ती रीतच पडली. कुणाचे गुडघे, कुणाचा घोटा, कुणाची चक्कर. वॉकर रिक्षात बसून या घरून त्या घरी जायचा. बँकवाल्यांच्या नातीने त्याला सायकलची घंटी लावली होती. दिव्याच्या बाईंनी चष्मा आणि फोन ठेवायला पुढे कापडी खिसा शिवला होता. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सी.आर. तो घेऊन आले आणि चार्ज द्यावा तसा त्यांनी माझ्या हवाली केला. "हा वर्गाचा आहे. वापरायचा. ठेवून घ्यायचा नाही. ज्या दिवशी एकट्या जिना उतराल, त्या दिवशी मी न्यायला येईन."

"त्या दिवशी तुम्हाला कळणार कसं?"

"कळेल," ते म्हणाले. आणि कळलंही असतं, याबद्दल मला शंका नाही.

मी एकटी जिना उतरले. भाजी घेऊन आले. वाण्याकडे गेले, देवळात गेले. वॉकर कोपऱ्यात उभा. सी.आर. आले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. गॅलरीत उभी राहून मी खाली बघायला लागले, तेव्हा माझं मलाच हसू आलं. ज्या माणसापासून दोरी लपवली, त्याची वाट बघत होते. शेवटी फोन केला.

"उत्तम, वहिनी. सगळं उत्तम," तिकडून आवाज आला. "वॉकर राहू दे तुमच्याकडेच."

राहू दे? हे त्यांच्या तोंडचं वाक्यच नव्हे. फोनवर सगळे बरेच असतात, हे मला इतकी वर्षं ऐकवणारा माणूस फोनवर उत्तम होता. मी बँकवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्याकडे नाही आला बरेच दिवस. मला वाटलं तुमच्याकडे असेल." दिव्याच्या बाई म्हणाल्या, "मला वाटलं ठाण्याला असतील." ज्याला त्याला वाटत होतं, की ते दुसऱ्या कुणाकडे आहेत. मग मी सगळ्यांना दुसरा प्रश्न विचारला, ते राहतात कुठे? कल्याणला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कल्याणला कुठे, ते कुणालाच नाही. पन्नास वर्षं हा माणूस आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता, आणि त्याच्या दारावर पाटी कसली आहे ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बायको आहे आणि मुलगी नाशिकला दिलीय, यापलीकडे आमची मजल नव्हती. अखेर दिव्याच्या बाईंना आठवलं, की मुलीच्या लग्नाची पत्रिका सी.आर.नी पोस्टाने पाठवली होती, आणि तिच्यावर पत्ता होता. काळ्या तलावाच्या मागे, अमुक बिल्डिंग, तिसरा मजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकर रिक्षात घातला आणि निघाले. सांगून जायचा प्रश्नच नव्हता.

बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची. खाली उतरले आणि माझी मान आपोआप वर गेली. संगत वाईट, दुसरं काय. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे होते. पुरुषाचे सदरे होते, आणि बायकी गाऊनही होते, पण गाऊन न झटकता, चुरगळलेले तसेच दोरीवर फेकलेले, एक तर उलटा. बाईमाणूस घरात आहे, पण कपडे ती वाळत घालत नाही, पुरुष घालतोय, आणि त्या पुरुषाला हे काम नवीन आहे. एवढं मला खालीच कळलं. रिक्षावाला भला माणूस, त्याने वॉकर वरपर्यंत आणून दिला.

दार सी.आर.नी उघडलं. दाढी वाढलेली, हातात भिजलेलं फडकं. "वहिनी, तुम्ही? न कळवता?"

"मी चौकशीला आलेय," मी म्हटलं आणि आत शिरले.

खिडकीशी खुर्चीत त्यांच्या मिसेस बसल्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, एका हाताला प्लॅस्टर. मला पाहून त्या उठायला लागल्या. उठताना त्यांनी बरा हात भिंतीला टेकला, आणि मला ती भिंत दिसली. खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, तिथून वळून मोरीपर्यंत, कमरेच्या उंचीवर मळकट पट्टा उमटलेला. रंगाचे पोपडे गेलेले, मधे मधे तेलकट बोटं. भिंत धरून धरून चालणाऱ्या माणसाचा रस्ता होता तो.

सी.आर.नी मी काय बघतेय ते बघितलं. मग दाराशीच एका स्टुलावर बसले.

"मी दिव्याला गेलेलो," ते म्हणाले. "तिथल्या बाईंच्या बिल्डिंगला पाणी नव्हतं, टँकर आला की नाही ते बघायला. ही इकडे मोरीत पडली. मी येईपर्यंत तशीच बसून होती." जरा वेळ ते फडक्याचा पीळ काढत राहिले. "पण वहिनी, पडणं एका दिवसाचं. ही भिंत एका दिवसात अशी होत नाही. मी रोज सकाळी हिच्यासमोर उभा राहून चपला घालत होतो."

इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, पण तो असा बसलेला मला बघवला नाही.

"तुम्ही वर्गाला कळवा," ते म्हणाले. "मी राजीनामा देतोय. ज्याला घरातलं दिसत नाही त्याने लोकांच्या दोऱ्या बघू नयेत."

"कळवू नका हो," खुर्चीतून आवाज आला. "घेऊ नका तो राजीनामा. हात जोडते. म्हणजे एकच जोडते."

मी वळून पाहिलं. बाई चांगल्या टवटवीत होत्या.

"अहो, पडले त्या दिवसापासून हा माणूस घरात आहे. पाणी प्यालीस का, झोप लागली का, पोट साफ झालं का. गाऊन वाळत घालतात आणि खाली जाऊन बघून येतात कसे दिसतात. रात्री कूस बदलली तरी दिवा लावतात. मी वैतागलेय. यांना घेऊन जा तुम्ही, ठाण्याला न्या, बदलापूरला न्या."

"अगं, पण तुला..."

"मला काय ते मी सांगते, तुम्ही गप बसा जरा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही डोंबिवलीच्या ना? टेलिफोनवाल्या? तुमचे जावई पुण्याला बदलून गेले. तुमचा उजवा गुडघा केला, डावा बाकी आहे. माझ्या शिरवाळ्या तुम्हाला आवडलेल्या."

शिरवाळ्या. मी सी.आर.कडे पाहिलं. ते फडक्याकडे बघत होते.

"मला तुम्ही सगळे तोंडपाठ आहात," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी येऊन सगळं सांगतात. कुणाचं बीपी, कुणाची सून, वॉकर आज कुणाकडे. पण कधी म्हणाले नाहीत, चल तू पण. मी पहिल्या पहिल्यांदा विचारलं. तर म्हणायचे, कारखान्याचे कपडे घरात आणायचे नाहीत."

हे मात्र सी.आर.नी मान वर करून समजावलं. रंगाच्या कारखान्यात असताना ते बाहेरच कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे, मग उंबरठा ओलांडायचे. मुलगी लहान होती, रंगाचा कण घरात यायला नको. ती सवय पुढे सगळ्यालाच लागली. काम बाहेर, घर आत. वर्ग हे त्यांच्या लेखी काम होतं. बायकोला कामावर कोण नेतं?

"आणि वॉकर?" मी बाईंना विचारलं. "पाय एवढे दुखत होते तर मागायचा ना."

"कुणाकडे मागू? यांच्याकडे? तो वर्गाचा आहे. मी कुठे वर्गात आहे?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. नियम सांगावा तसं म्हणाल्या. मला वाटतं रागाने म्हणाल्या असत्या तर सी.आर.ना सोपं गेलं असतं. ते उठले, बाहेर गेले आणि जिन्यात ठेवलेला वॉकर स्वतः आत घेऊन आले. खुर्चीसमोर ठेवला. खिसा सरळ केला. पाय डळमळत नाहीत ना ते दाबून पाहिलं. बाईंनी आधी घंटी वाजवून पाहिली.

"प्लॅस्टर निघाल्यावर," त्या म्हणाल्या. "आत्ता एका हाताने मला जमायचं नाही. तोवर राहू दे समोर, छान दिसतोय."

त्या दिवशी आमचं बोलून ठरलं ते असं. राजीनामा नामंजूर. सी.आर.नी आठवड्यातले काही वार घरी आणि काही वार फिरतीवर राहायचं. फिरतीच्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी कल्याणला यायचं. मी बुधवार घेतला. सी.आर. जिन्याचं, उन्हाचं, माझ्या डाव्या गुडघ्याचं निमित्त सांगत राहिले. बाईंनी विचारलं, "यायचंच झालं तर यांची चौकशी करायला याल, की मला भेटायला?"

"तुम्हाला," मी म्हटलं.

"मग या," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी जाते. कधी आमचा पत्त्यांचा डाव पडतो, कधी त्या मला शिरवाळ्यांचं पीठ किती सैल ठेवायचं ते दाखवतात. वर्गातल्या प्रत्येकाबद्दल त्यांची जी मतं आहेत ती इथे लिहिली तर वर्ग मोडेल. बँकवाले शनिवारी येतात, दिव्याच्या बाई जमेल तेव्हा. सी.आर. पुन्हा फिरू लागलेत. माझ्याकडे आले की अजूनही खालून दोरी बघतात, पण आता निघायची घाई असते.

एका बुधवारी त्यांची गाडी चुकली, की पाय दुखत होता, कोण जाणे, ते घरीच होते. मी बेल वाजवली तर दार त्यांनी उघडलं. तोंड फुललं. "या या वहिनी. बरं झालं आलात. बदलापूरची हकिगत सांगायचीय तुम्हाला, बसा," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि स्वतः दुसरीवर बसायला लागले.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत जा. त्या माझ्याकडे आल्यात."

सी.आर. अर्धवट वाकलेले तसेच राहिले. आयुष्यभर एवढ्या घरांत गेले, पण आलेलं माणूस आपल्यासाठी नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नसावं. मग ते सरळ उभे राहिले. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग मी काय करू?"

"चहा करा. आम्हा दोघींना."

ते आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग एक डबा उघडला, लावला. दुसरा उघडला, लावला. तिसरा. आमच्या सगळ्यांच्या घरी कुठला डबा कुठे आहे ते सांगू शकणारा माणूस स्वतःच्या ओट्यापाशी उभा राहून डब्यांची झाकणं उघडत होता. मला राहवेना. मी उठायला लागले, तर बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"साखर खालच्या कप्प्यात आहे, पोह्यांच्या मागे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सांगू नका. सापडू दे त्यांना."